सल्ला देणाराच माल विकत असेल तेव्हा: आरोग्यसल्ल्यामागचा हितसंबंध कसा तपासावा

आमच्या गृहसंकुलाच्या सभागृहात हाडांच्या घनतेच्या मोफत तपासणीचे शिबिर भरत असे. टाच एका लहानशा यंत्रात ठेवायची, थोड्या वेळाने छापील चिठ्ठी हाती यायची आणि शेजारच्या टेबलावर बसलेली व्यक्ती ती चिठ्ठी पाहून कॅल्शियमच्या गोळ्यांचे तीन महिन्यांचे पाकीट पुढे सरकवायची. रांगेत माझ्याबरोबर उभ्या असलेल्या दहा-बारा जणांपैकी 'तुमची हाडे उत्तम आहेत, काही घेऊ नका' असे ऐकून परतलेला एकही माणूस मला आढळला नाही. टाचेची ही ध्वनिलहरींची तपासणी खोटी असते असे नाही. ती प्राथमिक चाळणी असते आणि अस्थिविरळतेच्या (ऑस्टिओपोरोसिसच्या) निदानासाठी खुबा व मणका यांचे डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी, करावे लागते, एवढे मात्र त्या टेबलावर कोणी सांगितले नाही. सांगितले असते तर पाकीट त्याच दिवशी विकले गेले नसते.

हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात तो हाच. सल्लागाराने तुमच्या भल्याचे सांगावे ही त्याची जबाबदारी एका बाजूला असते, तुम्ही अमुक वस्तू घेतली तर त्याच्या पदरात पैसे पडणार ही वस्तुस्थिती दुसऱ्या बाजूला असते, आणि या दोन गोष्टी एकाच दिशेला जातील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. त्यासाठी त्या माणसाला लबाड ठरवण्याची गरज नसते. आपण विकत असलेल्या चूर्णावर मनापासून विश्वास असलेले आणि तेच चूर्ण स्वतःच्या आईलाही देणारे सल्लागार मी पाहिले आहेत. त्यांच्यापुढे सावध राहणे ठगापुढे सावध राहण्यापेक्षा अवघड जाते, कारण त्यांच्या बोलण्यात खोटेपणाची खूणच सापडत नाही. उलट, ज्या गावात औषधाचे दुकान नाही तेथील डॉक्टर स्वतःकडची औषधे देतो, त्यातून त्याला चार पैसे सुटतात आणि रोग्याची पायपीटही वाचते. तेव्हा विक्री दिसली की सल्ला चुकीचा, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. हितसंबंध दिसला की सल्ल्याची तपासणी अधिक काटेकोरपणे करायची, इतकेच त्यातून निघते. ती कशी करायची हे पुढे सांगितले आहे.

आधी पैशाची वाट शोधा

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: हा सल्ला मी मानला तर पैसे कोणाला मिळतात? दवाखान्यातल्या काउंटरवर डबा विकला जात असेल तर उत्तर समोरच असते. पण बहुतेक वेळा ही वाट आडून जाते. चित्रफितीखाली दिलेल्या दुव्यावरून खरेदी झाली की सल्लागाराला टक्केवारी मिळते. 'माझा कोड वापरा, दहा टक्के सूट मिळेल' या वाक्यातला कोड कोणाच्या सांगण्यावरून विक्री झाली ते मोजण्यासाठीही असतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. काही वेळा सल्लागार स्वतः काहीच विकत नाही, परंतु डब्याच्या मागच्या बाजूला 'विपणन' या शब्दापुढे छापलेल्या कंपनीत तो किंवा त्याच्या घरचे कोणी भागीदार असतात. म्हणून डबा हातात आला की पुढची बाजू नंतर वाचावी. मागच्या बाजूला उत्पादक कोण, विपणन करणारा कोण आणि पत्ता कोठला हे आधी पाहावे.

समाजमाध्यमांवरील सल्लागारांच्या बाबतीत कायदा आता बराच स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिफारस करणाऱ्याचे विक्रेत्याशी असे नाते असेल की ज्यामुळे शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम व्हावा, तर ते नाते उघड करणे त्यांनी बंधनकारक केले. पैसे, फुकट मिळालेला माल, सहल, भागीदारी, कौटुंबिक संबंध हे सारे त्यात येते. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्य क्षेत्रासाठी वेगळ्या सूचना आल्या: प्रमाणित वैद्यकीय व्यावसायिकाने आपली पात्रता सांगावी, आणि जो तसा नाही पण तज्ज्ञाच्या थाटात बोलतो त्याने आपले बोलणे डॉक्टरी सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट करावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि शिफारस करणाऱ्याला प्रथम एक वर्ष व नंतर तीन वर्षांपर्यंत शिफारशी करण्यास बंदी घालता येते. प्रत्यक्षात ही कबुली कशी दिली जाते ते पाहणे मात्र तुमच्याच हाती आहे. 'सशुल्क भागीदारी' किंवा 'जाहिरात' हे शब्द सुरुवातीलाच दिसतात की वीस हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात शेवटी पुरलेले असतात, बोलताना उच्चारले जातात की नाही, हे पाहावे. कबुली लपवणारा माणूस आणखी काय लपवत असेल, असा प्रश्न पडला तर तो रास्तच आहे.

मात्र उघड कबुलीनेही फसगत होते. 'हो, हे माझेच उत्पादन आहे, मला त्याचा अभिमान आहे' असे कोणी मोकळेपणाने सांगितले की आपण त्याच्या प्रामाणिकपणावर खूश होतो आणि दावा तपासायचे विसरून जातो.

दवाखान्यात

आपल्याकडे लहान गावांत आणि शहरांतल्या जुन्या वस्त्यांत डॉक्टरने कागदाच्या पुड्यांत सुट्या गोळ्या बांधून देण्याची आणि बाटलीतून मिक्श्चर देण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे, आणि 'डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' असे आपण त्याच पुड्यांविषयी म्हणतो. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहिता विनियम या पद्धतीला सरसकट मनाई करत नाहीत. रुग्णाची पिळवणूक होत नसेल तर डॉक्टरने आपल्या रुग्णाला औषध पुरवणे हे त्यांच्या मते गैर नाही. परंतु इतर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर औषधे विकणारे खुले दुकान त्याने चालवू नये, आणि दिलेल्या औषधाचे व्यापारी व मूळ अशी दोन्ही नावे स्पष्ट असावीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेले नवे विनियम त्याच महिन्यात स्थगित झाल्यामुळे २००२ चेच नियम लागू राहिले.

तेव्हा पुडी नाकारण्याची गरज नाही, नाव मागण्याची आहे. 'डॉक्टर, यात कोणती औषधे आहेत ती चिठ्ठीवर लिहून द्याल का? उद्या बाहेरगावी त्रास झाला तर तिथल्या डॉक्टरांना दाखवता येईल,' असे म्हटले की कोणाचाही मान दुखावत नाही आणि कागद हातात येतो. हा कागद हाती आला की तुम्ही ते औषध घराजवळच्या दुकानातून किंवा जनऔषधी केंद्रातून घेऊ शकता, किंमत ताडून पाहू शकता आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेऊ शकता. नाव लिहून द्यायला स्पष्ट नकार मिळाला तर मात्र ते औषध घेऊ नये, मग ते देणारा कोणत्याही पॅथीचा असो. सांधेदुखीवर आणि दम्यावर दोन दिवसांत चमत्कार दाखवणाऱ्या निनावी चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची प्रकरणे नवी नाहीत. असे चूर्ण तुम्ही कित्येक महिने घेत असाल तर ते एकाएकी बंद करू नका, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड झटक्यात थांबवणे धोक्याचे असते. शिल्लक पुडी घेऊन फिजिशियनकडे जा.

तपासणीच्या चिठ्ठीलाही हाच नियम लावावा. 'अमक्याच लॅबमध्ये करा' असे सांगितले गेले तर कारण विचारावे. कधी कारण खरोखर दर्जाचे असते, कधी ते आपल्याकडे ज्याला 'कट' म्हणतात ती रुग्ण पाठवल्याबद्दलची दलालीच असते. रायगड जिल्ह्यातील महाडचे, विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना रुग्ण पाठवल्याबद्दल एका निदान केंद्राकडून १२०० रुपयांचा धनादेश आला, तेव्हा त्यांनी तो न वटवता वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. रकमेकडे पाहिले तर प्रकरण क्षुल्लक वाटेल, पण असा धनादेश न मागता येतो याचाच अर्थ तो पाठवण्याची रीत रुळलेली आहे. कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये कायद्याचा मसुदा तयार करून घेतला होता. तो कायदा झाला नाही.

रुग्णालयात दाखल रुग्णाच्या नातेवाइकांना आतल्याच दुकानातून औषधे घ्यायला भाग पाडता येत नाही. तसा फलक दर्शनी भागात लावावा असे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये बजावले आहे. प्रसूतिगृहातून घरी जाताना कार्डावर डब्याच्या दुधाचे व्यापारी नाव लिहिलेले दिसले तर तेथेही थांबून प्रश्न विचारावा. बाळदुधाच्या पर्यायांविषयीच्या १९९२ च्या कायद्याने अशा पदार्थांची जाहिरात करण्यास आणि त्यांच्या प्रसारासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी किंवा आर्थिक प्रलोभन देण्यास बंदी घातली आहे. डब्याची गरज खरीच असेल तर डॉक्टर तिचे वैद्यकीय कारण सांगू शकतील.

आजार आधी, की माल आधी?

हितसंबंध सर्वांत जास्त काम करतो तो निदानाच्या टप्प्यावर, आणि तो तिथे ओळखणेही सर्वांत अवघड असते. औषधाची किंमत आपण घासाघीस करून पाहतो, पण 'तुम्हाला अमुक कमतरता आहे' हे वाक्य आपण निमूटपणे मान्य करतो. म्हणून जी व्यक्ती विकणार आहे तिनेच तपासणीही केली असेल, तर त्या तपासणीचा अहवाल वस्तू घेण्यापूर्वी विक्रीशी संबंध नसलेल्या डॉक्टरला दाखवावा. दोन-तीन दिवस थांबल्याने कॅल्शियमचे काही बिघडत नाही.

मुठीत एक दांडा धरायला लावून मिनिटभरात चाळीस पानी अहवाल छापून देणारे 'क्वांटम' यंत्र हे याचे उघडेवाघडे उदाहरण आहे. यकृतापासून जीवनसत्त्वांपर्यंत सारे काही हाताच्या तळव्यावरून मोजण्याचा दावा करणाऱ्या या यंत्राला शास्त्रीय आधार नाही, पण प्रत्येक 'कमतरते'समोर देण्याजोगी बाटली त्याच टेबलावर असते. अल्कधर्मी पाण्याचे महागडे यंत्र विकणारे ग्लासात थेंब टाकून पाण्याचा रंग बदलून दाखवतात. रंग खरोखरच बदलतो, मात्र रक्ताचा सामू (पीएच) ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे करत असतात आणि पाण्याचा ग्लास त्यांचा हिशेब बदलू शकत नाही, ही गोष्ट प्रात्यक्षिकात येत नाही. दाखवले जाते ते खरे असते, आणि विकले जाते त्याचा त्याच्याशी संबंध नसतो. प्रात्यक्षिक पाहताना या दोहोंमधली फट शोधावी.

दाव्याच्या भाषेसाठी एक जुने पण धारदार हत्यार आपल्याकडे आहे. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत ५४ आजार व अवस्था दिल्या आहेत, आणि त्या बऱ्या करण्याचा दावा करणारी जाहिरात जनतेसमोर करताच येत नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग, कर्करोग, मोतीबिंदू, लठ्ठपणा, एवढेच काय उंची वाढवणेही त्या यादीत आहे. 'मधुमेह मुळापासून बरा' असे पत्रकावर छापलेले दिसले की दावा खरा की खोटा या वादात पडण्याआधीच, ही जाहिरात कायद्याला धरून नाही हे तुम्हाला कळलेले असते.

आमच्या संकुलाच्या समितीने पुढच्या खेपेला शिबिराला परवानगी देताना दोन अटी घातल्या: तपासणीच्या दिवशी आवारात विक्री होणार नाही आणि अहवालावर तपासणाऱ्याचे नाव व पात्रता असेल. आयोजकांनी अटी मान्य असल्याचे कळवले आणि नंतर तारीखच दिली नाही.

शिक्के आणि परवाने

'आमच्याकडे परवाना आहे' हे उत्तर ऐकले की ग्राहक गप्प होतो, म्हणून परवाना कशाचा असतो ते नीट पाहावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक ही व्यवसायाची नोंद आहे, त्या पदार्थाने गुडघे बरे होतात याचा तो दाखला नाही. पूरक आहाराच्या डब्यावर तर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना नियमानेच छापावी लागते. विक्रेता तोंडाने जे सांगत असतो त्याला त्याच्याच डब्यावरची ही ओळ खोडून काढते, तेव्हा बोट ठेवून ती त्याला वाचायला सांगावी. आयुर्वेदिक औषधांना उत्पादनाचा परवाना राज्याचे अधिकारी देतात. आयुष मंत्रालय कोणत्याही उत्पादनाला प्रमाणित किंवा मंजूर करत नाही, असे त्या मंत्रालयानेच जाहीर केलेले आहे, त्यामुळे 'आयुष मंत्रालय मान्यताप्राप्त' असे लिहिलेले आढळले तर लिहिणाऱ्याविषयीच शंका घ्यावी. आहारसल्लागाराला त्याची पदवी कोणती आणि भारतीय आहारशास्त्र संघटनेची 'आरडी', म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही, नोंदणी आहे का हे विचारावे, कारण चार आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग करूनही लोक नावापुढे 'न्यूट्रिशनिस्ट' लावतात.

घरातली माणसे

साखळी विक्रीत सल्लागार हा आपलाच कोणीतरी असतो, आणि म्हणून हे प्रकरण सर्वांत नाजूक. मावशी वजन घटवण्याच्या शेकचा डबा घेऊन येते, तिने स्वतः आठ किलो वजन घटवलेले असते, आणि तिला नाही म्हणणे म्हणजे तिच्या मायेला नाही म्हणणे वाटते. येथे वस्तूवर वाद घालू नये. 'मावशी, मी रक्तदाबाची गोळी घेते, तेव्हा हे आमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काहीच सुरू करत नाही. तू डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव,' एवढे म्हणावे आणि खरोखरच विचारावे. मावशीचे वजन घटले असेल ते दोन जेवणांच्या जागी शेक घेतल्यामुळे, म्हणजे कमी खाल्ल्यामुळे घटले असण्याची शक्यता बरीच असते, पण ते तिला ऐकवून काही साधत नाही. परका विक्रेता दारी आला तर मात्र भीड नको. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याने पूर्वसूचना देऊन आणि ओळखपत्रासह यायचे असते, आणि मालाच्या विक्रीऐवजी नवे सभासद जोडण्यावर कमाई उभी असलेल्या पिरॅमिड योजनांना त्या नियमांत बंदी आहे.

'ते विकले गेलेले आहेत' असे म्हणणाऱ्यांविषयी

औषध कंपन्यांनी डॉक्टरांना विकत घेतले आहे, म्हणून माझे ऐका, असा एक मोठा सल्लागारवर्ग आहे. पहिल्या अर्ध्या भागात तथ्य नाही असे म्हणता येत नाही: डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगावे लागले. पण एकाचा हितसंबंध सिद्ध झाल्याने दुसरा निःस्वार्थी ठरत नाही. इंग्लंडमधील अँड्र्यू वेकफिल्ड याने १९९८ मध्ये गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) जोडणारा निबंध लिहिला. लस उत्पादकांविरुद्ध दावा उभा करणाऱ्या वकिलाकडून त्याला पैसे मिळत होते आणि त्याने स्वतःच्या एका गोवर लशीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, हे पुढे पत्रकार ब्रायन डीअर यांनी उघडकीस आणले. २०१० मध्ये निबंध मागे घेतला गेला आणि वेकफिल्डचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले.

आपल्याकडचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलके आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि त्याच प्रकरणात ७ मे २०२४ रोजी न्यायालयाने शिफारस करणारे प्रसिद्ध कलाकार आणि समाजमाध्यमांवरील प्रभावकही (इन्फ्लुएन्सर) जाहिरातीला तितकेच जबाबदार असल्याचे म्हटले. मात्र त्याआधी एप्रिलमध्ये न्यायालयाने याचिकाकर्त्या संघटनेलाही सुनावले होते की तिने आपले घर आधी नीट करावे. हीच संघटना पूर्वी ट्रॉपिकाना फळरस आणि क्वेकर ओट्स यांना पाठिंबा दिल्यामुळे वैद्यक परिषदेच्या चौकशीत सापडली होती. तेव्हा पैशाची वाट शोधण्याची कसोटी आपल्या आवडत्या सल्लागारालाही लावावी. ती लावताना जीव थोडा खालीवर होतो.

तुम्ही स्वतः सल्ला देत आणि विकत असाल तर

सल्ल्याचे शुल्क आणि वस्तूची किंमत वेगळी दाखवा. वस्तूचे सर्वसाधारण नाव लिहून द्या आणि ती बाहेर कोठे मिळते तेही सांगा. न घेणाऱ्यालाही तितकाच वेळ द्या. तुमच्याकडे आलेल्या शंभरांपैकी किती जणांना 'तुम्हाला याची गरज नाही' असे सांगितले, याची नोंद महिनाभर ठेवून पाहा.

तक्रार करायची झाल्यास

आधी पुरावा जमवावा, कारण चित्रफीत एका रात्रीत काढून टाकली जाते. तारखेसह स्क्रीनशॉट, पृष्ठाचा पत्ता, पावती, डब्याच्या सर्व बाजूंचे फोटो आणि झालेला संदेशव्यवहार जपून ठेवावा; पावती 'कच्ची' दिली असेल तर पैसे पाठवल्याची बँकेची नोंद चालते. उरलेला माल फेकू नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि जाहिरात उद्योगाची मुंबईतील स्वनियमन संस्था एएससीआय ही ग्राहकांच्या तक्रारी विनाशुल्क घेते. औषधात किंवा अन्नपदार्थात भेसळीचा संशय असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. डॉक्टरच्या वर्तनाविषयी तक्रार असेल तर ॲलोपॅथीसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद, आयुर्वेद व युनानीसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन आणि होमिओपॅथीसाठी त्यांची स्वतंत्र परिषद आहे. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक त्याच्या चिठ्ठीवर छापलेला असायला हवा. तो नसेल तर हाही मुद्दा अर्जात लिहावा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.